‘कम्प्लीट’ का ‘फिनिश’? पानठेल्यावरचा वाद

वाद पेटला तो भरतीच्या सराव पेपरातल्या एका रिकाम्या जागेवरून. ‘ही हॅज ___ रीडिंग.’ पर्याय दोन: कम्प्लीटेड, फिनिश्ड.

“दोन्ही एकच तं हाये, कोणतंबी लिवा,” भरतीवाला पोरगा म्हणाला.

“गेला मार्क,” मास्तर म्हणाले. “पुढं आयएनजीवालं क्रियापद दिसलं का फिनिशच. कम्प्लीटच्या पुढं नाम लागते. कम्प्लीटेड द कोर्स, कम्प्लीटेड द फॉर्म.”

“हा नियम झाला. पण काहून?”

काहून हाच खरा प्रश्न. कम्प्लीटची नजर भागांवर असते: सगळे भरले, उणं काही नाही. फिनिशची नजर चालू कामाच्या शेवटच्या टोकावर. म्हणून ‘कम्प्लीट द फॉर्म’ म्हणजे एकही रकाना कोरा सोडू नका. आणि ‘फिनिश युवर फूड’ म्हणजे ताटातलं संपवा; तिथं कम्प्लीट बसत नाही.

मिस्त्रीला हे लगेच पटलं. “आमच्यात फिनिशिंग म्हंजे पुट्टी, घासकाम, रंग. भिंत आरशासारकी झाली अन् संडासाले दारच नसलं, तं घर कम्प्लीट नाई.”

“मंग एंड?” पोरगा हटेना.

१६०० मीटरची धाव घ्या. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. तिसरीत पोटात कळ आली आणि गडी बाहेर बसला, तर त्याची धाव तिथंच एंड झाली, पण फिनिश नाही. शर्यतीच्या निकालात अशा नावापुढं डीएनएफ लागतं, डिड नॉट फिनिश. एंडला मुक्काम गाठायची अट नाही. रस्ता कुठंही एंड होतो. अचीव्ह मात्र उलट. ठरवलेलं ध्येय मेहनतीनं गाठलं तरच.

कन्क्लूड सभेला, कराराला शोभतं. पण उताऱ्यात ‘द कमिटी कन्क्लूडेड दॅट’ आलं, तर समितीनं निष्कर्ष काढला असा अर्थ. तिथं संपलं असं धरलं की पुढच्या प्रश्नांची उत्तरंही चुकतात.

सगळ्यात महाग पडते ती वयाची अट: ‘मस्ट हॅव कम्प्लीटेड १८ इयर्स’. जन्म १० जुलै २००८ चा आणि वय मोजायची तारीख १ जुलै २०२६, तर पूर्ण वर्षं १७ च. घरी सगळे ‘अठरावं चालू हाये’ म्हणतात, पोरं त्या भरवशावर फॉर्म भरतात, आणि कागदपत्रं तपासताना बाद होतात. चालू वर्ष इथं मोजतच नाहीत.

“पण मास्तर, फिनिश्ड द कोर्स चालते का नाई?”

“चालते. मी कुठं नाई म्हनलं? पण सर्टिफिकेटवर कम्प्लीशनच छापतात. सारे विषय, सारी प्रात्यक्षिकं झाली, हे दाखवाचं असते त्याईले.”

पोरानं पेपरवरची पहिली खूण खोडली आणि पुढचा प्रश्न काढला: बाय फ्रायडे का टिल फ्रायडे?