टाळ थोडे कमी करा!

हौशी मंडळींनी एकत्र येऊन लोकसंगीत शिकायचं आणि वर्षाच्या आत लोकांसमोर उभं राहायचं, हा नुकत्याच वाचलेल्या लेखातला अनुभव आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाचाच वाटला. घरी तालमीत छान जमायचं. गणपतीत पहिल्यांदा मांडवात बसलो आणि रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा) सुरू होताच लय जी धावली, ती पखवाजवाल्या काकांनाही आवरेना. नंतर कळलं, दोष टाळांचा. चौदा जण आणि चौदा टाळ, त्यात माईक नेमका टाळकऱ्यांच्या तोंडाशी. पेटी कुणालाच ऐकू येत नव्हती, मग सूर धरणार कुठून? आता सहाच टाळ, बाकीचे हाताने टाळ्या देतात.

दुसरं म्हणजे वही. वहीत डोकं खुपसून गायलं की श्रोत्यांना फक्त टोप्या दिसतात, म्हणून चार अभंग पाठ केलेच. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक मात्र तेव्हा घरीच राहिली होती. समोरच्या वहिनींनी पोळ्यांच्या परातीतला गोळा आणून दिला म्हणून निभावलं. लेखातल्या मंडळींनी पहिला कार्यक्रम शक्यतो ओळखीच्याच लोकांसमोर करावा. आमच्याकडे चुकलं तरी प्रसाद सगळ्यांना मिळाला!