ब्लू रॅगच्या चढावर टायरची हवा का कमी केली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं: ‘ब्लू रॅगसारख्या छोट्या, मध्यम दर्जाच्या ट्रॅकसाठी टायरची हवा काढणं, सोबत्याला उतरवून पुढे चालवणं हा निव्वळ देखावा. माझी थार सह्याद्रीत टायरमध्ये ३५ पीएसआय हवेच्या दाबावर असले चढ एका दमात मारते.’ थार इथेही चढेल, याबद्दल मला शंका नाही. आक्षेप आहे तो असं एका दमात चढण्याला.

ब्लू रॅग ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या अल्पाइन नॅशनल पार्कमध्ये आहे. डार्गो हाय प्लेन्स रोडवरून फुटून हा कच्चा रस्ता उघड्या डोंगरधारेने साधारण १७०० मीटरवरच्या सर्व्हेच्या खांबापर्यंत जातो. चढावर सगळे सुटे दगड. कडक टायर त्यांवरून उड्या मारतो, पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरतं आणि खाली खड्डा पाडतं. मागून येणारा त्यातच अडकतो, जास्त रेस देतो, खड्डा आणखी खोल होतो. हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर लांबीला पसरतो, दगडाला धरून बसतो, आणि लो रेंजच्या (फोर-व्हील-ड्राइव्हचे हळू पण जास्त जोर देणारे गिअर) पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने वर येते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी कॉम्प्रेसरने हवा परत भरायची, एवढंच.

शिवाय इकडच्या ट्रॅकवर पावसाचं पाणी कडेला काढायला मातीचे आडवे बांध घातलेले असतात. वेगात आलेली गाडी ते फोडते. मग पाणी चाकोरीतूनच खाली धावतं आणि एका पावसाळी हंगामात तिचा चर होतो. जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असे अनेक ट्रॅक फाटक लावून बंद ठेवतात ते यासाठीच. तुम्ही त्याला ‘सरकारी नखरे’ म्हटलंत, ते मला खरोखर लागलं.

सोबती उतरला तो पुढचा रस्ता बघून सांगायला, कारण माथ्याशी बॉनेटपुढे नुसतं आकाश दिसतं. धार अरुंद आहे, समोरून गाडी आली तर कुणाला तरी मागे जावं लागतं. आणि चढ अर्ध्यात फसला तर रिव्हर्समध्ये सरळ खाली यायचं, गाडी आडवी करून वळवायची नाही. आडवी गाडी उलटते.

डिसेंबरात येताय तर जरूर या. भाड्याची गाडी घेणार असाल तर असल्या ट्रॅकला परवानगी आहे का, ते करारात आधी बघा. डिझेल डार्गो गावातच भरून घ्या.