गाडी धुण्याचे दीडशे रुपये

सोमवारी सकाळी ऑफिसात जेमतेम टेकलो होतो, तोच ग्रुपवर लीडरचा मेसेज. 'कालचा वेताळवाडी किल्ल्याचा ट्रेक एकदम भन्नाट! सगळ्यांचे आभार. गाडी धुण्याचे प्रत्येकी १५० पाठवा.' खाली हात जोडलेले.

दीडशे. गाडी धुण्याचे. माझ्याकडून!

अहो, मी बूट काढून गाडीत चढलोय. पायथ्याच्या टपरीवाल्याकडून युरियाची रिकामी गोणी मागून घेतली, तिच्यात बूट कोंबले, बुटांत मोजे, वरून सुतळीची गाठ. ती गोणी मांडीवर घेऊन हळदा गावापासून संभाजीनगरपर्यंत अनवाणी बसून आलो, वऱ्हाडाच्या गाडीत रुखवताचा डबा सांभाळणाऱ्या मावशीसारखा. माझ्या सीटखाली चिखलाचा एक ठिपका दाखवा, पंधराशे देतो. शेजारचा भाऊ मात्र गुडघ्यापर्यंत काळी माती घेऊन चढला आणि सिल्लोड यायच्या आत पुढच्या सीटच्या पाठीला बूट घासून मोकळा. आपली काळी माती ती, वाळली की छिन्नीच लागते. त्याचेही दीडशे, माझेही दीडशे. आणि १७ जणांचे होतात २५५०. एवढ्यात गाडी धुतात की रंगवतात? हिशोब विचारला तर म्हणे, 'दादा, टीम स्पिरिट.' टीम स्पिरिट म्हणे! सीटला बूट पुसताना कुठं गेलं होतं ते?

आता निघालंच आहे तर सगळंच काढतो.

शुक्रवारी येलो अलर्ट मीच टाकला होता. त्यावर उत्तर काय, तर 'परतीचा पाऊस आहे, पाच मिनिटांत येतो न जातो.' हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस भिंती पाडतो म्हणून आमचे आजोबा त्या दिवसांत भिंतीला पाठसुद्धा टेकत नसत आणि इथं पाच मिनिटं! वर सात अंगठे.

शनिवारी घटोत्कच लेणी. वाकाटकांच्या काळातला विहार, शिलालेख, पाचव्या शतकातलं काम. आमच्या मंडळींनी काय केलं? स्पीकर लावला. का, तर 'आत आवाज मस्त घुमतो.' त्या ब्लूटूथ स्पीकरचा शोध लावणारा मला एकदा भेटायला हवा. रात्री देवळाच्या सभामंडपात मुक्काम, तिथंही तोच स्पीकर, मृदंगाच्या शेजारी.

रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेनऊला. पोहे, मग दुसऱ्यांदा पोहे, मग कुणाचा तरी चार्जर. ऑक्टोबरात दुपारी दोननंतर आभाळ काय करतं हे शेळ्या वळणाऱ्या पोराला कळतं, व्हॉट्सअॅपवरच्या सह्याद्रीप्रेमींना कळत नाही. वेताळवाडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा खाली खानदेश दिसतच नव्हता, नुसती निळी-काळी भिंत पुढं सरकत येत होती. त्या भिंतीकडं पाठ करून ग्रुप फोटो. एकदा झाला, मग उड्या मारून झाला.

मग जे झोडपलं! जंजाळा दरवाजाच्या आडोशाला सतरा माणसं खारकेच्या पुडीसारखी. मी चमक आणि गडगडाटामधले सेकंद मोजत होतो. नऊ, सहा, तीन. तीन म्हणजे किलोमीटरवर आली की हो! आणि आमचे एक काका, 'मोबाईल बंद करा, मोबाईल वीज ओढतो,' असं सगळ्यांना दटावत स्वतः लांब दांड्याची छत्री उघडून बाहेर बुरुजावर उभे. बघायला. मी असा ओरडलो की स्पीकरवाल्यानं घाबरून स्पीकर बंद केला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

उतरताना एका वावराच्या कडेनं आलो. सोयाबीनची गंजी, ताडपत्री वाऱ्यानं उडालेली. नवरा-बायको दोघं तिची टोकं धरून ओढतायत, तिसरं टोक फडफडतंय. आणि आमच्यातली एक जण मोबाईल रोखून, 'वॉव, काय वेदर आहे!' ती बाई नुसती बघत राहिली. आम्ही तिघं गेलो, टोकांवर दगड ठेवले, तिनं पाणी विचारलं. माझ्याच्यानं घोट उतरला नाही. मागून शिट्टी, 'चला चला, उशीर होतोय.' आता होतोय का उशीर?

घरी येऊन हे सगळं बायकोला ऐकवलं. ती गोणी दोन बोटांत धरून बाल्कनीत नेत होती. म्हणाली, "तुम्हाला काय कुणी बांधून नेलं होतं का?" बांधून नव्हतं. ते सात अंगठे सांगितले ना, त्यातला एक माझा. अलर्ट टाकणाराही मीच आणि 'पाच मिनिटांत येतो न जातो'वर अंगठा देणाराही मीच, कारण लीडरनं लगेच खाली विचारलं होतं, 'दादा, येताय ना?' अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला दादा म्हटलं की त्याचं डोकं चालत नाही. दुसऱ्यांदाचे पोहेही मी खाल्ले होते. लिंबू चांगलं पिळलं होतं.

बुटांत वर्तमानपत्र कोंबून तीन दिवस झाले, अजून ओलेच. खोकला वेगळाच.

दीडशे पाठवले शेवटी. वर एक रुपया जास्त टाकला आणि शेऱ्यात लिहिलं, 'आहेर.' म्हटलं, टोमणा लागेल तरी. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'दादा, एक रुपया जास्त आलाय, अंतूरच्या ट्रेकमध्ये वळता करतो.'