मॉड असले की करिअर कशाला? लागतंय की!

चार दिवस झाले एकच मेसेज सगळीकडं फिरतोय, "ज्या रेसिंग सिमला मॉड चालतात त्याला करिअर मोडची गरजच नाही." सिम म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायचा गेम, मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून त्यात घातलेल्या गाड्या, ट्रॅक वगैरे, आणि करिअर मोड म्हणजे छोट्या गाडीपासून सुरू करून शर्यती करत वर चढायचं. मी स्वतः मॉडवाला आहे, असेट्टो कोर्सा 2014 चा गेम, माझ्या पीसीवर अजून आहे तो मॉडमुळंच, तरी हे मला पटत नाही.

त्यातलं पहिलं म्हणणं, मॉडमुळं गेम मरत नाही. कबूल, शंभर टक्के. रिचर्ड बर्न्स रॅली 2004 चा, लोक अजून त्यात नवे स्टेज (रॅलीचे रस्ते) नि गाड्या घालून ऑनलाइन रॅल्या करतात. पण त्याच गेममध्ये रॅली स्कूल होतं ते विसरला काय? हँडब्रेक कधी ओढायचा, डाव्या पायानं ब्रेक कसा दाबायचा, ज्याच्या नावाचा गेम त्या रॅली ड्रायव्हर बर्न्सच्याच आवाजात एकेक धडा, आणि हे कुठल्या मॉडवाल्यानं नव्हे, कंपनीनंच पहिल्यापासून दिलेलं.

दुसरं, करिअर म्हणजे म्हणे बळंच हळू गाड्या चालवायला लावणं. इथं मात्र माझं डोकं फिरतं. खानापूरहून मामाचा पोरगा सुट्टीला आलता, आल्या आल्या सगळ्यात फास्ट मॉड गाडी पाहिजे, दिली, तर दर वळणाला गिरकी, अर्ध्या तासात व्हील सोडून मोबाईल घेऊन बसला. मग मी अबार्थ 500 ही छोटी गाडी देऊन गेममधल्या मजिओने ह्या छोट्या ट्रॅकवर बसवलं, ब्रेक आधी सरळ रेषेत दाब, मग वळव, तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारतोय, "दादा, आता पुढची कुठली?" म्हणजे करिअरचं काम मी केलं. ज्याच्या घरात शिकवणारा दादा नाही त्यानं काय करायचं? चोर्ला घाटात कोण शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी गाडी देतंय! असेट्टोचं स्वतःचं करिअर नुसतं एकामागं एक शर्यती, जीव नाही त्यात, पण म्हणून करिअरच नको?

मॉड फुकट असतात, हे तिसरं. बहुतेकांना पैसे लागत नाहीत, बरोबर, पण रात्रभर डाउनलोड करून सकाळी शेडर पॅचचं (गेमचं चित्र सुधारणारा मॉड) व्हर्जन जुळत नाही म्हणून गेम क्रॅश, हा हिशेब कोण करणार.

आणि मॉड नि करिअर दोन्ही एकत्र जमत नाही म्हणणाऱ्यांनी 2005 चा जीटी लिजंड्स हा रेसिंग गेम बघावा, शर्यती जिंकून पैसे कमवायचे, जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, वर मॉडही चालायचे. रेसिंग सोडा, युरो ट्रक सिम्युलेटर 2 घ्या, 2012 चा, कर्ज काढून ट्रक, मग गॅरेज, ड्रायव्हर, स्वतःची कंपनी, आणि मॉडचा तर ढीग.