जुन्या कर्मचाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

हिंजवडीतील एखाद्या कंपनीत आपण अकरा वर्षे इमानेइतबारे काढली असतील आणि गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या, ज्याला सध्या आपणच काम शिकवत आहात अशा सहकाऱ्याचा पगार आपल्यापेक्षा तीस टक्क्यांनी अधिक असल्याचे आपल्याला नुकतेच कळले असेल, तर कृपया त्याच्यावर रागावू नका. त्याचा भाव आजच्या बाजाराने ठरवला. आपला अकरा वर्षांपूर्वी ठरला आणि त्यावर दरवर्षी सहा-सात टक्क्यांचा चुना लावण्यात आला. पगाराविषयी कोणाशी बोलू नये, असे कलम आपल्या नेमणूकपत्रात असेलच. ते कंपनीच्या गुपितासाठी नव्हे, आपल्या मनःशांतीसाठी घातले होते, हे एव्हाना लक्षात आले असेल.

‘समान कामाला समान वेतन’ हे शब्द तर कँटीनमध्ये उच्चारूच नका. ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये आहेत, परंतु तेथे ते राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहेत, म्हणजे केवळ त्यांच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. १९८२ साली दिल्ली पोलीस दलातील रणधीर सिंग या चालकाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांना धार दिली, २०१६ साली पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही त्यांचा लाभ झाला. मात्र या सर्वांचा मालक सरकार होते. सरकारी कचेरीत कनिष्ठाचे वेतन नियमांच्या फेऱ्यात ज्येष्ठाच्या पुढे गेले, तर अटी पूर्ण करणाऱ्या ज्येष्ठाला आपले वेतन कनिष्ठाइतके वाढवून मागता येते. आपल्याकडे एचआर आहे. तेथे अर्ज केल्यास ‘आपल्या भावना पोहोचल्या’ असे उत्तर चोवीस तासांच्या आत मिळते.

तरीही कायद्याचा आधार हवाच असेल, तर आपण स्त्री असावे आणि नवा सहकारी पुरुष असावा, अशी पूर्वतयारी करून ठेवा. १९७६ चा समान वेतन कायदा सारख्या कामाच्या वेतनात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करत असे आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिताही तशीच मनाई करते. जुना आणि नवा हा भेद मात्र त्यांच्या दृष्टीने भेदभाव ठरत नाही. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेंझी कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. युनियनशी तसा करार झाला आहे, शिवाय आर्थिक स्थिती नाजूक आहे, असे कंपनीने सांगून पाहिले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी नाकारल्या. यातील दुसरी सबब आपल्या अप्रेझलच्या बैठकीत दरवर्षी बिनतक्रार स्वीकारली जाते, यावरून आपण न्यायालयापेक्षा किती समजूतदार आहात हे सिद्ध होते.

अमेरिकेत वयावरून भेदभाव करण्याविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे आणि तो चाळिशी गाठलेल्यांना लागू होतो, असे न्यू जर्सीतील भाचा आपल्याला फोनवर सांगेल. त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच त्याला मिसिसिपीतील जॅक्सन शहराविषयी विचारा. तेथील प्रशासनाने पोलिसांचे पगार वाढवताना पाच वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्यांना तुलनेने घसघशीत वाढ दिली. वयाने मोठ्या असलेल्या पोलिसांनी दावा लावला. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हेतू सिद्ध न करता केवळ परिणामावर बोट ठेवूनही असा दावा लावता येतो, आणि मग त्याच निकालात दावेदारांना रिकाम्या हाताने परत पाठवले: आसपासच्या शहरांच्या बरोबरीने पगार देऊन नवी माणसे टिकवणे हे वयाशी संबंध नसलेले वाजवी कारण आहे. सेवेची वर्षे आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर त्याच न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केले होते. आपले केस याच नोकरीत पांढरे झाले असतील, तर त्यांतील कोणते वयामुळे आणि कोणते सेवेमुळे झाले, याची नोंद आतापासून ठेवलेली बरी.

तेव्हा कायदा बाजूला ठेवून हाती असलेल्या गोष्टींचा आनंद घ्या. दहा वर्षे पूर्ण झाल्याबद्दल मिळालेली अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी मॉनिटरशेजारी अशी ठेवा, की तिच्यावरील आपल्या आडनावाचे चुकलेले स्पेलिंग भिंतीकडे राहील. नव्या सहकाऱ्याचे प्रशिक्षण मात्र मनापासून पूर्ण करा, कारण त्याला आपले काम येऊ लागले म्हणजे आपल्याला निर्धास्तपणे राजीनामा देता येईल. नव्वद दिवसांच्या नोटीस काळात, अकरा वर्षे नसलेले बजेट कदाचित अचानक सापडेल. ते घेऊ नका. दुसऱ्या कंपनीत दीड-दोन वर्षे काढा आणि मग याच कंपनीच्या संकेतस्थळावर, आपल्याच जुन्या पदासाठी, बाहेरचा उमेदवार म्हणून अर्ज करा. ‘यापूर्वी आपण आमच्याकडे काम केले आहे का?’ या रकान्यात निःसंकोचपणे ‘होय’ लिहा. त्या वेळी ती अकरा वर्षे अनुभव म्हणून मोजली जातील आणि त्यांचे पैसेही मिळतील.