खुर्ची सगळ्यात शेवटी घ्या

घरून काम करणाऱ्याची कंबर धरली की पहिला सल्ला येतो खुर्चीचा. मग जाळीच्या पाठीची, चाकांची, झुलणारी खुर्ची घरी येते, जेवणाच्या टेबलाला लागते आणि महिन्याभरात कंबरेच्या जोडीला खांदेही भरून यायला लागतात. माझं मत सरळ आहे: खुर्ची हा या यादीतला शेवटचा खर्च. आधी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा.

पाय जमिनीवर पूर्ण टेकवून बसा, दंड खाली सैल सोडा, कोपरात काटकोन करा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. पाच फूट तीन-चार इंच उंचीच्या माणसाचं हे माप साधारण २५ ते २६ इंच भरतं. आता जेवणाचं टेबल मोजा. २९-३० इंच. ही चार इंचांची तफावत भरून काढायला खांदे दिवसभर उचललेले राहतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना क्षणाची उसंत नाही. त्याला खुर्ची बिचारी काय करणार?

उपाय दोनच. एक तर बूड वर घ्या, नाही तर टेबल खाली आणा. बूड वर घेतलं की पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. म्हणून पायाखाली घरातले दोन पाट एकावर एक ठेवा किंवा एक आडवी वीट जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. फुकटात काम होतं. टेबल नवीनच करायचं असेल तर तयार घेऊ नका. आपण कोल्हापुरात राहतो, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. एक इंची चौकोनी पाइपचा स्टँड कोणीही फॅब्रिकेशनवाला मापात करून देईल. फक्त माप देताना वरच्या प्लायची पाऊण इंच जाडी आणि पायांच्या रबरी बुचांची उंची वजा करून सांगा. तिथंच सगळे फसतात. २५ इंच सांगतात, टेबल २६ इंचांचं होऊन येतं. प्लायची खोली दोन फूट तरी हवी आणि पुढची कड सुताराकडून गोल मारून घ्या. धारदार कडेवर मनगटं टेकवून टायपिंग केलं की हाताला वळ उठतात.

आता लॅपटॉप. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत हाच मूळ घोटाळा. हाताला सोयीचा ठेवला तर मान वाकते, मानेला सोयीचा ठेवला तर हात उचलले जातात. म्हणून पहिली खरेदी वेगळा कीबोर्ड आणि माउस. साधा वायरचा संच हजाराच्या आत मिळतो. लॅपटॉप जुन्या वह्यांच्या चळतीवर असा चढवा की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली येईल. अंतर हातभर. ज्यांना दुहेरी नंबरचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्यांनी मात्र स्क्रीन आणखी दोन-तीन इंच खाली घ्यावा. नाही तर काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान आखडते. स्क्रीन खिडकीला काटकोनात हवा. खिडकी पाठीमागे असली की स्क्रीनवर उजेड चमकतो, समोर असली की डोळे दिपतात.

जमिनीवर बसून काम करणं वाईट, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. पेढ्यांवर माणसं गादी-तक्क्यावर बसून आयुष्यभर हिशेब लिहीत आली, पण त्यांच्यापुढं उतरता डेस्क होता, मांडीवर लॅपटॉप नव्हता. घोंगडीची चार इंच जाड घडी बुडाखाली घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांच्या वर राहील आणि पाठ आपोआप सरळ होईल. पुढं १२ इंच उंचीचा चौरंग, त्यावर कीबोर्ड आणि मागं डब्यावर चढवलेला लॅपटॉप. देवघरातला चौरंग बहुधा याहून बुटका असतो, त्याखाली मांडी मावत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं उठायचंच, गुडघे तक्रार करायच्या आत.

एवढं झाल्यावर खुर्ची. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि कंबरेचा बाक भरला पाहिजे. दुसरं काम टॉवेलची गुंडाळीही करते.

शरीर झालं, आता वीज. वळवाचा पाऊस आणि वारं सुरू झालं की लाईट जाणारच, हे धरूनच मांडणी करा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात ११००-१२०० हाती लागतात, असं धरा. लॅपटॉप ६५ वॅट, राउटर १२, ट्यूब २०, साधा पंखा ७५, म्हणजे १७० च्या आसपास. साडेसहा तास चालेल. तोच पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० वॅटचा घेतला तर नऊ तासांच्या आसपास जाल. घरात टीव्ही आणि मिक्सर त्याच लाइनवर असेल तर हा हिशेब विसरा. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी तो यूपीएसवर ठेवावा, कारण नॉर्मलवर वीज बदलायला लागणारा क्षणभर वेळही डेस्कटॉप रीस्टार्ट व्हायला पुरतो. लॅपटॉपला फरक पडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर निदान राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीची डबी घ्या. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट त्याच्याशी जुळलेच पाहिजेत आणि यूपीएसचे अँपिअर छापल्याइतके किंवा जास्त हवेत. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला बॅकअप लागतो. एकालाच दिला की नेट बंदच.

व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या सखल भागातल्या मंडळींना २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगायला नकोत. पंचगंगेचं पाणी शिरलं की त्या भागातली वीज बंद ठेवावी लागते, तिथं कुठलाच बॅकअप किती दिवस पुरणार? पण बॅटरी तळमजल्यावर फरशीलगत ठेवू नका, एवढं तरी हातात आहे. जुलैत बाहेरच्या भिंतीला ओल धरते, त्या भिंतीवरच्या बोर्डात चार्जर लावू नका. आणि ज्या खोलीत ओले कपडे दोरीवर वाळतात तिथं बैठक नको. काही दिवसांत खुर्चीच्या पाठीवर बुरशी दिसते.

धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना झिणझिण्या आल्या तर त्याला स्टॅटिक म्हणून सोडून देऊ नका. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं, आत अर्थिंगची तारच नसते. तसं असेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही निम्मा निकामी. वायरमनकडून आधी ते तपासून घ्या.

त्याच घरांच्या जाड भिंतींपुढं वायफाय हात टेकतं. रेंज वाढवणाऱ्या डब्या घेत बसण्यापेक्षा राउटरपासून टेबलापर्यंत कॅट-६ ची केबल ओढा. १०० मीटरपर्यंत चालते, घराला भरपूर झालं.

मीटिंगला वायरचा हेडफोन वापरा. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बहुतेक हेडफोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला, समोर नको, फुंकर लागते.

राहिला कामाचा उरक. त्यावर ढीगभर ॲप आहेत, पण कोल्हापुरात दिवसाचं वेळापत्रक नळाचं पाणी आणि घंटागाडी ठरवते. त्या वेळा आधी कागदावर लिहा आणि डोकं लागणारं काम त्यांच्या मधल्या सलग दीड-दोन तासांत बसवा. ईमेल, फाइल भरणं पाण्याच्या वेळेत. रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर तीनला कोणी मीटिंग ठेवली तर दोष ठेवणाऱ्याचा. ‘घरीच आहेस ना, जरा गॅसवाल्याकडं बघ’ हे वाक्य बहुतेक घरांत बाईलाच ऐकावं लागतं. त्यावर हेडफोन चालत नाही, दाराची कडी चालते. दार नसेल तर कुणी किती वाजेपर्यंत हाक मारायची नाही ते फ्रिजवर लिहून लावा, सासूबाईंनाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

अमेरिकेच्या वेळेवर रात्री काम करणाऱ्यांनी वरच्या मजल्यावरची खोली उन्हाळ्यापुरती सोडावी. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर उष्णता खाली सोडतो, नेमकी शिफ्ट सुरू होते तेव्हा. आणि मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास सरकतात. सोमवारच्या मीटिंगची वेळ रविवारीच बघून ठेवा.