डॉक्टरांची गाडी आहे साहेब!

पुण्यात सेकंडहँड वॅगनआर बघायला जा, प्रत्येक एजंटकडची गाडी डॉक्टरांचीच असते आणि फक्त घर ते क्लिनिक चाललेली असते. अरे 2013 ची गाडी, मीटरवर 38 हजार, आणि क्लचचं पॅडल घासून गुळगुळीत, स्टिअरिंगचं कव्हर काढलं तर खाली टक्कल! एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की थर्ड ओनर निघतो, वर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच, मग म्हणे बोजा उतरवायचा फॉर्म 35 नंतर देतो ना, आधी टोकन टाका. 2028 ला 15 वर्षं भरली की परत पासिंग, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, ते कोण सांगणार? आणि मेकॅनिक घेऊन येतो म्हटलं की लगेच "संध्याकाळी दुसरी पार्टी येतीये". ही दुसरी पार्टी राहते तरी कुठे, एकदा भेटवाच मला!